सरकारने स्वतः तक्रारदार व्हावे

ग्राहक आयोगापुढे तक्रार कोणाला दाखल करता येते, याचे उत्तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 ने सविस्तर दिले आहे. ज्याने वस्तू किंवा सेवा विकत घेतली तो ग्राहक, नोंदणीकृत ग्राहक संघटना, एकाच गाऱ्हाण्याचे अनेक ग्राहक मिळून, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, केंद्र सरकार आणि राज्य सरकार असे सगळे त्या यादीत आहेत. यातल्या शेवटच्या नावाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक ही तरतूद 1986 च्या जुन्या कायद्यातही होती, आणि सर्वसाधारण ग्राहकवर्गाचा प्रतिनिधी म्हणून सरकारला दाद मागता येईल असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे हा अधिकार राज्य सरकारच्या हातात आहे. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागातल्या माणसाला तुमची फसवणूक झाली तर सरकारी वकील तुमच्या वतीने आयोगात उभा राहील असे सांगितले, तर त्याला ती थट्टा वाटेल. दिवाणी कोर्टात सरकारी वकिलाशी त्याची गाठ पडते ती संपादित जमिनीच्या भरपाईसाठी किंवा अडलेल्या पेन्शनसाठी तो सरकारविरुद्ध गेला की, आणि तेव्हा तो वकील समोरच्या बाजूला असतो.

राज्याच्या विधी यंत्रणेचे ग्राहकाविषयीचे कर्तव्य आयोग स्थापन करून आणि त्यावर अध्यक्ष व सदस्य नेमून संपत नाही, असे माझे म्हणणे आहे. ज्या फसवणुकीत नुकसान हजारोंचे होते, पण प्रत्येकाच्या वाट्याला थोडेथोडेच येते, तिथे राज्याने स्वतः तक्रारदार झाले पाहिजे. सीमाभागात तर ग्राहकाची भाषा एक, कार्यालयाची दुसरी आणि विक्रेता पुष्कळदा परराज्यातला, अशी स्थिती असल्यामुळे ही गरज अधिकच तीव्र आहे.

एकट्या ग्राहकासाठी नव्या कायद्याने बरेच काही केले, हे आधी मान्य केले पाहिजे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि 50 लाखांपर्यंतचा वाद जिल्हा आयोगातच चालतो. सीमाभागाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा बदल मात्र निराळा आहे. पूर्वी तक्रार दाखल करण्यासाठी सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) जिथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथल्या मंचाकडे जावे लागे. निपाणीच्या कुटुंबाने कोल्हापुरात फ्रीज घेतला किंवा खानापूरच्या शेतकऱ्याने चंदगडच्या दुकानातून पंप आणला, तर तारखांसाठी सीमेपलीकडे खेपा घालणे भाग होते आणि बहुतेक जण त्या खेपांपेक्षा नुकसान परवडले म्हणून गप्प बसत. 2020 च्या जुलैपासून लागू झालेल्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. दोन राज्यांत विभागलेल्या बाजारपेठेत रोजचे व्यवहार करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ही सुधारणा फार मोठी आहे, आणि तिचा आपल्याकडे व्हावा तेवढा गाजावाजा झालेला नाही.

परंतु या सुधारणेचा लाभ घ्यायलाही ग्राहकाने वेळ, कागदपत्रे आणि चिकाटी घेऊन स्वतः आयोगापर्यंत जावे लागते. तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत, तक्रार निकाली काढावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षातल्या तारखा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या अपेक्षेबद्दल वेगळे सांगायला नको. शिवाय काही दारे जिल्ह्यात उघडतच नाहीत. कराराच्या अटीच ग्राहकावर अन्याय करणाऱ्या आहेत, अशी तक्रार जिल्हा आयोगाला ऐकता येत नाही. तिच्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते आणि त्याचे मुख्य पीठ आहे सुमारे पाचशे किलोमीटर दूर, बेंगळुरूत. काही हजारांच्या हप्त्यासाठी कोणती विधवा हा प्रवास करणार आहे?

यातली खरी अडचण बियाण्याच्या उदाहरणाने चांगली कळते. मृगाचा पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी या तालुक्यांत सोयाबीनची पेरणी सुरू होते. एखाद्या कंपनीच्या एका लॉटचे बियाणे उगवले नाही, तर तो लॉट जितक्या गावांत गेला तितक्या गावांत एकाच आठवड्यात ओरड सुरू होते. शेतकरी रैत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रात) जातात, कृषी खात्याचे अधिकारी शेतावर येतात, पंचनामा होतो, उगवणीची टक्केवारी लिहिली जाते, शिल्लक पिशव्यांचे नमुने बीज परीक्षण प्रयोगशाळेत जातात. कोणत्या विक्रेत्याकडे किती पिशव्या आल्या आणि किती विकल्या गेल्या, हे साठा नोंदवहीत असते आणि ती वही तपासण्याचा अधिकार बीज निरीक्षकाला असतो. थोडक्यात, खटला उभा करायला लागणारा प्रत्येक पुरावा सरकारी खात्याच्या फायलीत जमा होतो. आणि नेमके याच टप्प्यावर त्या शेतकऱ्याला सांगितले जाते की भरपाई हवी असेल तर तुम्ही ग्राहक आयोगाकडे जा.

तो जातही नाही. दुबार पेरणीच्या धावपळीत त्याचा महिना जातो, पिशवीवरचे लेबल हरवते, पावती दुकानदाराने दिलेलीच नसते. शेतकरी हाही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात 2012 मध्ये निर्विवाद सांगितले. घेतलेले सगळे बी पेरून टाकणाऱ्याकडून प्रयोगशाळेसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही, हेही त्याच निकालात आले. तेव्हा कायदा त्याच्या बाजूने आहे आणि पुरावा सरकारकडे आहे. नाही तो फक्त तक्रारदार. राज्य सरकारने स्वतःच्या नावाने, त्या लॉटच्या सर्व खरेदीदारांसाठी मिळून एकच तक्रार दाखल केली, तर शेकडो शेतकऱ्यांनी शेकडो वकीलपत्रे भरण्याचे कारण उरत नाही. सगळ्यांची नावे मिळाली नाहीत तरी अडत नाही. नुकसान झालेले ग्राहक पुष्कळ आहेत आणि त्यांना सहजी ओळखून काढता येत नाही अशी आयोगाची खात्री झाली, तर विकल्या गेलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या किमान 25 टक्के रक्कम भरायला लावण्याची तरतूद कायद्यात आहे. 1986 च्या कायद्यात हीच किमान मर्यादा 5 टक्के होती. एवढी धारदार तरतूद वापरायची कोणी, याचे उत्तर मात्र प्रत्येक खाते दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवून देते.

वैधमापन खात्याचीही गत काहीशी अशीच आहे. पेट्रोल पंपावर माप कमी निघाले, दुकानातल्या काट्यावर शिक्का नसला, तर निरीक्षक गुन्हा नोंदवतो, तडजोड शुल्क घेतले जाते आणि ते सरकारी तिजोरीत जमा होते. गेले वर्षभर त्या पंपावर गाडी भरणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही. (साखर कारखान्यांवरील काटामारीचा प्रश्न आणखी वेगळा आहे, कारण तिथे ऊस विकणारा शेतकरी ग्राहकच ठरत नाही. ती चर्चा या लेखात घुसडत नाही.)

मराठी समाजाला ग्राहक चळवळ नवी नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि 1986 चा कायदा येण्याआधी दहा-बारा वर्षे या मंडळींनी सामूहिक खरेदीपासून निवेदनांपर्यंत सगळे मार्ग चोखाळले. ग्राहकाने संघटित व्हावे, जागे व्हावे, हा त्या चळवळीचा आग्रह योग्यच होता. पण सरकारने तो आग्रह उचलला तो स्वतःच्या सोयीने. दर 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाचा कार्यक्रम होतो, पत्रके वाटली जातात, 1915 हा मदत क्रमांक सांगितला जातो आणि पावती घ्या, मुदत तपासा, हक्क ओळखा असा उपदेश होतो. या सगळ्यातून नकळत असा समज रुजतो की जो फसला तो जागा नव्हता म्हणून फसला. नागरिकांच्या चळवळीने नागरिकांना जागे करणे निराळे, आणि ज्याच्याकडे निरीक्षक, प्रयोगशाळा, वकील व खजिना आहे त्या सरकारने जागे राहण्याची सगळी जबाबदारी नागरिकावर टाकणे निराळे.

अमेरिकेतील घटक राज्यांनी या बाबतीत वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक राज्याचा अॅटर्नी जनरल हा सरकारचा सल्लागार असतो, तसाच तो त्या राज्यातील ग्राहकांच्या वतीने कंपन्यांवर स्वतः खटले भरणारा अधिकारीही असतो. फसव्या व्यापारी प्रथांविरुद्धच्या राज्य कायद्यांनी त्याला चौकशीचे आणि दंड मागण्याचे अधिकार दिलेले आहेत. 1994 मध्ये मिसिसिपी राज्याने सिगारेट कंपन्यांवर दावा लावला, तेव्हा त्याच्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले गेले नव्हते. 1998 मध्ये 46 राज्यांनी त्याच कंपन्यांशी तडजोड केली, तिच्यानुसार 25 वर्षांत सुमारे 206 अब्ज डॉलर देण्याचे ठरले आणि जाहिरातींवर कडक बंधने आली. मिसिसिपीसह चार राज्यांनी आधीच स्वतंत्र तडजोडी केल्या होत्या. सिगारेट ओढणाऱ्या एकेकट्या माणसांनी दशकानुदशके लावलेल्या दाव्यांना जे जमले नव्हते, ते राज्यांच्या विधी कार्यालयांनी एकत्र येऊन साधले. तंबाखूवर वाढलेल्या निपाणीसारख्या गावाने तरी ही हकीकत नीट वाचायला हवी.

अर्थात तिथला नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. अमेरिकेत 43 राज्यांत अॅटर्नी जनरल थेट लोकांकडून निवडला जातो आणि म्हणून तो राज्यपालाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. त्याचबरोबर निवडणूक आली की देणग्या आणि प्रसिद्धीचा मोहही येतो. आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद 165 नुसार राज्याचा महाधिवक्ता राज्यपालाची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो, म्हणजे व्यवहारात सत्तेवरच्या सरकारबरोबर येतो आणि जातो. कर्नाटकात सरकारी दाव्यांसाठी अभियोग व सरकारी दावे असे स्वतंत्र खाते आहे, प्रत्येक जिल्ह्यात सरकारी वकील आहेत. या सगळ्यांना सरकारचा बचाव करण्याची सवय आहे. ग्राहकाच्या वतीने फिर्यादी होण्याची सवय कोणालाच नाही, आणि ती नुसत्या परिपत्रकाने लागत नाही.

सरकारने ही वाट चालून पाहिल्याचे एक ठळक उदाहरण आपल्यासमोर आहे, आणि ते अपयशाचे आहे. 2015 मध्ये मॅगी नूडल्समधील शिशाच्या प्रमाणावरून वादळ उठले, तेव्हा केंद्र सरकारने याच तरतुदीचा आधार घेऊन राष्ट्रीय आयोगात नेस्ले कंपनीविरुद्ध सुमारे 640 कोटी रुपयांची मागणी केली. कायदा झाल्यापासून जवळपास तीन दशकांनी हे कलम पहिल्यांदा वापरले जात होते. 2024 च्या एप्रिलमध्ये आयोगाने ती तक्रार फेटाळली. पण मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्येच मॅगीवरची बंदी रद्द करताना ज्या उणिवा दाखवल्या होत्या त्या पाहण्यासारख्या आहेत: नमुने ज्या प्रयोगशाळांत तपासले त्यांना आवश्यक मान्यता नव्हती आणि कंपनीला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती. यावरून सरकारने असे खटले भरू नयेत असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला त्यातून उलटे दिसते. नमुना घेण्यापूर्वी, म्हणजे पंचनाम्याच्या वेळीच, खटल्याची जाण असलेला वकील निरीक्षकाच्या शेजारी असायला हवा. खात्यांनी आधी कारवाई करायची आणि वकिलाने नंतर ती सावरायची, हा क्रम बदलल्याखेरीज कोणतीही सामूहिक तक्रार टिकणार नाही. बीज परीक्षणालाही हे तंतोतंत लागू आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण असताना राज्याने वेगळा खटाटोप का करावा, असेही विचारले जाते. प्राधिकरणाने कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींपासून अनेक बाबतींत चांगले काम केले आहे. पण ते दिल्लीत आहे, आणि देशभर दिसणाऱ्या जाहिरातींकडे त्याचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे; खानापूर तालुक्यातील एका लॉटचे बियाणे त्याच्या टेबलावर पोहोचेल कसे? कायद्याने त्याचीही सोय ठेवली आहे. ग्राहकवर्गाच्या हक्कांचा भंग झाल्याची तक्रार आली तर जिल्हाधिकाऱ्याला चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल देता येतो. कायदा-सुव्यवस्था, महसूल, निवडणुका आणि पूर यांतून वेळ काढून जिल्हाधिकारी हे करील, असे मानायचे तर त्याच्या हाताखाली यासाठीच नेमलेला विधी अधिकारी असला पाहिजे.

आता भाषेकडे वळतो, कारण सीमाभागात तिला वगळून ग्राहकाचा कोणताही हक्क पुरा होत नाही. सूक्ष्म कर्जाच्या प्रश्नाने 2025 च्या सुरुवातीला कर्नाटक ढवळून निघाले. वसुलीच्या जाचाच्या तक्रारी बेळगाव जिल्ह्यातूनही मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या, आणि राज्य सरकारने फेब्रुवारीत अध्यादेश काढून जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद व 5 लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. ते आवश्यक होते. पण तो उपाय सुरू होतो तो वसुली करणारा माणूस दारात येऊन उभा राहिल्यावर. कर्ज घेताना काय घडले, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार सूक्ष्म कर्जाचा करार कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून सर्व किरकोळ कर्जांना व्याज, शुल्क आणि एकूण वार्षिक खर्च सांगणारे तथ्यपत्रक कर्जदाराच्या भाषेत देणे बंधनकारक आहे. संघाचे, म्हणजे महिलांच्या गटातले, कर्ज घेणाऱ्या मराठी बाईच्या हातात प्रत्यक्षात काय पडते? कन्नड किंवा इंग्रजी कागद, किंवा कागदही नाही, टॅबवर घेतलेला अंगठा. नियमभंग उघड आहे, तो एकेका बाईचा नाही तर सबंध वर्गाचा आहे आणि सिद्ध करायला सोपा आहे, कारण कंपनीचा छापील नमुनाच पुरावा ठरतो. ती बाई तक्रार करणार नाही, कारण पुढचे कर्ज तिला त्याच गटातून हवे असते. राज्याला तसे कोणाचे कर्ज घ्यायचे नसते, म्हणून ही तक्रार राज्यानेच केली पाहिजे.

मराठी कागदाची मागणी म्हटले की काहींना त्यात सीमाप्रश्नाचा वास येतो. तो येऊ नये, म्हणून स्पष्ट लिहितो. जत, अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापुरातल्या कन्नड भाषक कर्जदारालाही कन्नड करार मिळालाच पाहिजे, आणि तो मिळवून देणे हे महाराष्ट्र सरकारच्या वकिलाचे काम आहे. संविधानाचा अनुच्छेद 350 कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत संबंधित अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क देतो. हा हक्क सीमाप्रश्नाचा निकाल कसाही लागला तरी तसाच राहणार आहे.

ठेवीदारांच्या बाबतीत राज्याने पुढाकार घेण्याची पद्धत आपल्याकडे आधीच आहे, हे इथे सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने 1999 मध्ये आणि कर्नाटकाने 2004 मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी कायदे केले. त्यांच्यात सक्षम प्राधिकारी नेमला जातो, तो बुडीत संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करतो आणि विशेष न्यायालयात जातो. प्रत्येक ठेवीदाराने स्वतंत्र दावा लावावा, असे कोणी म्हणत नाही. पतसंस्था बुडाल्याचे चटके बेळगावने सोसले आहेत आणि जप्तीपासून वाटपापर्यंत किती काळ जातो हेही अनुभवले आहे, तेव्हा या कायद्यांचे गुणगान करण्याचा हेतू नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे: ठेव बुडाली तर राज्य फिर्यादी होते, मग बियाणे बुडाले तर का होत नाही? शिवाय सीमेच्या एका बाजूला नोंदलेली संस्था दुसऱ्या बाजूच्या गावांत ठेवी गोळा करते, तेव्हा दोन राज्यांच्या दोन प्राधिकाऱ्यांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक असते, आणि त्यासाठी कोणतीही ठरलेली व्यवस्था सीमाभागातल्या ठेवीदाराला दिसत नाही.

राज्य सरकारच अनेक सेवांचे विक्रेते आहे, हा या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीचे चुकीचे बिल, परिवहन महामंडळाची रद्द झालेली बस, सरकारी कंपनीने पुरवलेले बियाणे यांविरुद्ध त्याच सरकारचा वकील उभा राहील का? राहणार नाही, आणि राहील असे समजणे भाबडेपणाचे होईल. तिथे ग्राहक संघटना आणि जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण यांचाच आधार घ्यावा लागेल. महिलांना त्या प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आपल्याकडे फार थोड्या घरांत माहीत आहे. पण सरकार स्वतःविरुद्ध लढणार नाही म्हणून त्याने खाजगी कंपन्यांविरुद्धही लढू नये, हा युक्तिवाद टिकत नाही.

2004 पासून महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात आपल्या गावांसाठी भांडत आहेत, नामांकित ज्येष्ठ वकील दोन्हींनी दिलेले आहेत, आणि त्या खर्चाचा हिशेब आपण कोणाकडे मागितलेला नाही. याच गावांतल्या लोकांना निकृष्ट बियाणे विकले गेले, न समजणारे करार त्यांच्याकडून करून घेतले गेले, तेव्हा यांपैकी एकाही राज्याने वकील दिला नाही. 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या उपस्थितीत दोन्ही राज्यांच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली, ती शेजाऱ्यांमधले छोटे प्रश्न सोडवण्यासाठी. सीमेपलीकडून आलेल्या सदोष मालाची माहिती, प्रयोगशाळेचे अहवाल आणि जप्त मालमत्तेच्या याद्या एकमेकांना देण्याचा करार हा अशा समितीपुढे ठेवण्याजोगा विषय आहे, आणि त्यात कोणाच्याही दाव्याला बाधा येत नाही.

सुरुवात मोठी असण्याचे कारण नाही. बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयाशी जोडलेला, मराठी व कन्नड दोन्ही वाचणाऱ्या दोन-तीन वकिलांचा कक्ष येत्या खरिपाआधी नेमता येईल. जागेची अडचण सांगू नये, कारण 2012 मध्ये उद्घाटन झालेली सुवर्ण विधानसौध ही बेळगावातली विधिमंडळाची इमारत अधिवेशन संपले की बरीचशी रिकामीच असते. या कक्षाने पहिल्या वर्षी एकच बियाण्याचे आणि एकच कर्जकराराचे प्रकरण हाती घ्यावे, पण त्यात पंचनाम्यापासून स्वतः असावे. पैशासाठी ग्राहक कल्याण निधी आहे, मात्र त्यातून तक्रारदाराच्या कोर्टखर्चाची भरपाई होते ती अंतिम निकाल लागल्यानंतर. म्हणून पहिली काही वर्षे हा भार राज्याच्या विधी खात्याने आपल्या अंदाजपत्रकातच धरावा लागेल.